दुसऱ्या देशासाठी लॉबिंग करा, पण सांगून करा: अमेरिकेचा ‘फारा’ कायदा आणि मंत्र्यांच्या जुन्या क्लायंटांची भानगड

२०२५ मध्ये एक बातमी आली आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला. वॉशिंग्टनमधल्या भारतीय दूतावासाने जेसन मिलर यांची एसएचडब्ल्यू पार्टनर्स नावाची फर्म कामाला लावली, वर्षाला १८ लाख डॉलर, म्हणजे महिन्याला दीड लाख. मिलर म्हणजे ट्रम्प यांच्या प्रचारातले जुने सल्लागार. एकाचं म्हणणं, हे तर सरळसरळ पैसे चारणं झालं. दुसरा म्हणे, एवढी आतली गोष्ट बाहेर आली म्हणजे दूतावासात कोणीतरी घरभेदी आहे. तिसरा, जो न्यू जर्सीत राहतो आणि एरवी फक्त गुड मॉर्निंग पाठवतो, त्याने एक लिंक टाकली. अमेरिकेच्या सरकारी वेबसाईटची. करार जसाच्या तसा तिथे, रकमेसकट.

फुटलं बिटलं काही नव्हतं. फॉर्म भरला होता, कायद्याने भरावाच लागतो म्हणून.

हा फॉर्म काय आहे, आणि अमेरिकेत कोणाला मंत्री किंवा मोठा अधिकारी नेमायचं म्हटलं की याच फॉर्मवरून एवढी बोंबाबोंब का होते, ते आज जरा निवांत बघू.

लॉबिंग म्हणजे लाच नाही का?

नाही. लॉबिंग म्हणजे सरकारी माणसाला, खासदाराला किंवा जनमताला आपल्या बाजूला वळवायचा धंदा. पटवायचं, भेटी घडवायच्या, पेपरात लेख छापून आणायचे. पैसे जातात ते या मध्यस्थाला, खासदाराच्या खिशात गेले की ती लाच, तिचा कायदा वेगळा. अमेरिकेत हे उघड चालतं, बोर्ड लावून ऑफिसं असतात.

समजा घरात मुलीसाठी स्थळ आलंय. शेजारच्या काकू येऊन सांगतायत, मुलगा सोन्यासारखा आहे हो, घरचे लोक देवमाणसं, आणि तुम्हाला वाटतंय काकूंना बिचाऱ्यांना आपली काळजी. नंतर कळतं की काकू वधुवर सूचक मंडळ चालवतात आणि मुलाकडच्यांनी त्यांना पैसे दिलेत. मुलगा खरोखर चांगला असेलही! पण काकूंनी ते आधी सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचं बोलणं वेगळ्या कानाने ऐकलं असतं, एवढंच. फारा कायद्याचा सगळा गाभा यात आला. काकूंनी बोलू नये असं कायदा म्हणत नाही, कोणाच्या वतीने बोलताय ते दारातच सांगा म्हणतो.

हा कायदा आला कुठून?

१९३८ मधून, म्हणजे नाझींच्या काळातून. आयव्ही ली म्हणून अमेरिकेतला बडा जनसंपर्कवाला होता, रॉकफेलर घराण्याची प्रतिमा धुऊन पुसून चकाचक करण्यासाठी प्रसिद्ध. जर्मनीतली आयजी फार्बेन ही रसायनं बनवणारी अवाढव्य कंपनी त्याला वर्षाला २५,००० डॉलर देत होती, आणि हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीची अमेरिकेत नाचक्की व्हायला लागली तर काय करावं याचा सल्ला तो देत होता. १९३४ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने त्याला बोलावून उलटतपासणी घेतली तेव्हा हे लोकांसमोर आलं. ली त्याच वर्षी वारला. पण समितीच्या डोक्यात बसलं की आपल्याच पेपरात, आपल्याच माणसाच्या तोंडून परक्या सरकारचा प्रचार होतो आणि वाचणाऱ्याला पत्ता नसतो. त्यातून चार वर्षांनी फॉरेन एजंट्स रजिस्ट्रेशन ॲक्ट आला, त्याच्या अद्याक्षरांचा ‘फारा’.

१९६६ मध्ये कायदा दुरुस्त झाला. तोपर्यंत काळ बदलला होता, नाझी पत्रकांपेक्षा अमेरिकेत साखर विकायचा कोटा वाढवून मागणाऱ्या देशांचे लॉबीवाले जास्त डोकेदुखी झाले होते, त्यामुळे रोख प्रचारावरून लॉबिंगवर आला.

फॉर्ममध्ये असतं काय?

परक्या सरकारचं, पक्षाचं, कंपनीचं किंवा अगदी एखाद्या परदेशी व्यक्तीचं राजकीय काम अमेरिकेत अंगावर घेतलं की दहा दिवसांत न्याय खात्याकडे नोंदणी. कराराची प्रत जोडायची. पुढे दर सहा महिन्यांनी हिशोब: किती पैसे आले, कशावर गेले, कोणाला भेटलो, कोणाला फोन केला, कोणत्या तारखेला, कोणत्या विषयावर. त्या क्लायंटसाठी काही छापून वाटलं तर त्यावर लेबल लावायचं आणि ४८ तासांत प्रत सरकारला द्यायची. कोर्टातली वकिली, शिक्षण, धर्म, कला, नुसता व्यापार यांना सूट आहे, आणि दूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना तर अर्थातच, ते कोणाचे ते सगळ्यांना माहीतच असतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पैसे घेतलेच पाहिजेत अशी अट नाही. परक्या सरकारच्या ‘विनंतीवरून’ काम केलं तरी पुरतं. त्यामुळे ‘मी तर फुकट केलं हो’ हा बचाव नेहमी चालतो असं नाही.

मुद्दाम भरलं नाही किंवा खोटं भरलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग.

मग लोक सापडतात कसे? पळवाट कुठे आहे?

पळवाट कायद्यातच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं भोक हेच. १९९५ मध्ये अमेरिकेने लॉबिंगचा दुसरा, देशी कायदा केला. त्याचा फॉर्म संसदेकडे भरायचा, दर तीन महिन्यांनी, आणि तो फारच मिळमिळीत. कोणत्या खासदाराला भेटलो ते लिहायचं नाही, ‘सिनेट’ (म्हणजे संसदेचं वरचं सभागृह) एवढं लिहिलं की झालं, रक्कमही गोळाबेरीज. आणि त्यात सोय अशी की तुमचा क्लायंट परदेशी सरकार नसून परदेशी खाजगी कंपनी असेल तर हा सोपा फॉर्म भरा, फाराचा कडक फॉर्म माफ. आता तुम्ही एखाद्या देशाचे हुकूमशहा आहात असं समजा, तुम्ही काय कराल? मित्राची कंपनी मध्ये घालाल.

मायकेल फ्लिन यांची गोष्ट या जागी नीट बघण्यासारखी आहे. निवृत्त जनरल, २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारात होते. त्यांच्या फर्मला इनोव्हो नावाच्या डच कंपनीचं काम मिळालं, मालक तुर्कस्तानचा उद्योगपती, एकूण मिळाले सुमारे ५ लाख ३० हजार डॉलर. काम काय, तर पेनसिल्वेनियात राहणारे तुर्की धर्मगुरू गुलेन यांच्याविरुद्ध वातावरण तयार करायचं. गुलेन तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांचे कट्टर विरोधक. फ्लिनच्या फर्मने फॉर्म भरला होता हो, पण तो सोपा, संसदेचा, कंपनी क्लायंट म्हणून.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ला, म्हणजे मतदानाच्याच दिवशी, वॉशिंग्टनच्या ‘द हिल’ मध्ये फ्लिन यांच्या नावाने लेख आला. तुर्कस्तान आपला मित्र आहे, त्याला साथ द्या, आणि गुलेनला आसरा देऊ नका. खाली नाव एका माजी जनरलचं. या विषयावर माझ्या फर्मला पैसे मिळतायत, ही ओळ नाही. वाचणाऱ्याला वाटलं लढाई बघितलेला माणूस मनापासून सांगतोय. काकू आणि स्थळ आठवलं ना?

जानेवारी २०१७ मध्ये हेच गृहस्थ राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले, आणि रशियन राजदूताशी झालेल्या बोलण्याबद्दल खोटं सांगितल्याच्या प्रकरणात महिन्याभराच्या आत पायउतार झाले. फाराची नोंदणी त्यांनी त्यानंतर, ७ मार्चला केली. आणि डिसेंबरात एफबीआयशी खोटं बोलल्याचा गुन्हा कोर्टात कबूल करताना हेही मान्य केलं की त्या फारा फॉर्ममध्येही खोटं होतं. पुढे त्यांनी कबुली मागे घ्यायचा प्रयत्न केला, नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी माफी देऊन टाकली, तो सगळा वेगळाच सिनेमा.

आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद सिनेटच्या मंजुरीशिवाय भरलं जातं. जाहीर सुनावणी नाही, ‘तुमचे क्लायंट कोण’ असं कॅमेऱ्यासमोर विचारणारं कोणी नाही.

आता नेमणुका. तळं राखी तो पाणी चाखी, हे थांबवायचं कसं?

अमेरिकेत मंत्री निवडून येत नाहीत, राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट मत घेते. हजाराच्या वर पदं अशी आहेत, मंत्री, राजदूत, एफबीआयचे संचालक वगैरे. नाव पुढे आलं की बघायचं ते हितसंबंधांचा संघर्ष, म्हणजे एकाच माणसाचे दोन्ही डगरींवर हात आहेत का. खुर्चीचं हित एकीकडे आणि खिशाचं दुसरीकडे.

याचं जुनं उदाहरण चार्ल्स विल्सन. जनरल मोटर्सचे प्रमुख, १९५३ मध्ये संरक्षण मंत्री म्हणून नाव आलं. त्यांच्याकडे कंपनीचे सुमारे २५ लाख डॉलरचे शेअर, आणि कंपनी लष्कराला गाड्या पुरवणारी. सिनेटर्सनी विचारलं, कंपनीला तोटा होईल असा निर्णय घ्याल का? ते म्हणाले घेईन, पण असा प्रसंगच डोळ्यासमोर येत नाही, कारण देशासाठी जे चांगलं ते जनरल मोटर्ससाठी चांगलं आणि उलटही, असंच मी वर्षानुवर्षं मानत आलोय. माणूस प्रामाणिक असावा, लबाडीने बोलला असं नाही वाटत. पण अडचण नेमकी तीच, कारण अशा माणसाला स्वतःलाच दोन हितांतला फरक दिसत नसतो. शेवटी शेअर विकायला लावले तेव्हा मंजुरी मिळाली.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची खुर्ची घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर १९७८ मध्ये याची नीट पद्धत बसवली. नाव सुचवलेल्या माणसाने लांबलचक फॉर्म भरायचा: शेअर, कर्ज, बायकोची किंवा नवऱ्याची मिळकत, आणि ज्या क्लायंटकडून वर्षाला ५,००० डॉलरच्या वर मिळाले त्यांची नावं. रकमा नेमक्या नसतात, टप्प्यांत असतात, ‘१,००१ ते १५,०००’ इथपासून ‘५ कोटींच्या वर’ इथपर्यंत. मग नीतिमत्तेचं सरकारी ऑफिस फॉर्म तपासतं आणि त्या माणसाकडून लेखी करार घेतं, की हे हे शेअर साधारण ९० दिवसांत विकीन आणि अमुक कंपनीच्या फाईलला हात लावणार नाही. स्वतःच्या फायद्याच्या फाईलवर जाणूनबुजून सही केली तर तो फौजदारी गुन्हा. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष सोडून! त्या दोघांना ते कलम लागूच होत नाही.

एवढा त्रास असेल तर चांगली माणसं येतील कशाला?

रास्त शंका आहे, आणि कायद्याने त्याला गोड उत्तर दिलंय. पदासाठी शेअर विकावे लागले तर त्यावरचा नफ्याचा कर लगेच भरायला नको, पैसे सरकारी रोख्यांत किंवा म्युच्युअल फंडासारख्या पसरलेल्या गुंतवणुकीत टाका, कर पुढे ढकला. २००६ मध्ये हँक पॉल्सन अर्थमंत्री झाले तेव्हा त्यांनी गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेचे जवळजवळ ५० कोटी डॉलरचे शेअर असे विकले. माफी नाही, लांबणीवर टाकणं आहे, पण एवढ्या रकमेवर ते लांबणीवर टाकणंही काही कमी नव्हे.

शेअर विकता येतात, जुनी ओळख विकता येत नाही, त्यासाठी दुसरा उपाय म्हणजे त्या विषयातून बाजूला राहायचं. यात किती दम असतो ते आमच्या सोसायटीत मी बघितलंय. रंगकामाची तीन कोटेशनं आली होती, त्यातलं एक चेअरमनच्या साडूचं. मीटिंगला चेअरमन साहेब स्वतःहून उठले, म्हणाले माझा नातेवाईक आहे, मी बाहेर थांबतो, आणि चहाचा कप घेऊन जिन्यात जाऊन उभे राहिले. दार उघडंच. आत बसलेले चौघे त्यांनीच कमिटीत घेतलेले. नियम पाळला गेला, इतिवृत्तात नोंदही झाली, आणि आता बिल्डिंगला कोणी रंग दिलाय ते विचारू नका.

परदेशी क्लायंट असलेल्या माणसाला सरळ बंदीच का नाही घालत?

एका पदाला घातली आहे. १९९५ च्याच कायद्याने ठरवलं की व्यापार वाटाघाटी किंवा व्यापारातल्या वादात परदेशी सरकारच्या बाजूने अमेरिकेविरुद्ध काम केलेला माणूस अमेरिकेचा व्यापार प्रतिनिधी, म्हणजे इतर देशांशी व्यापाराची बोलणी करणारा मुख्य अधिकारी, होऊ शकत नाही. हा नियम किती टिकला? १९९७ मध्ये शार्लीन बारशेफ्स्की यांचं नाव आलं, त्यांनी पूर्वी कॅनडासाठी काम केलेलं, संसदेने खास सवलत दिली. २०१७ मध्ये रॉबर्ट लायटहायझर, काही दशकांपूर्वी ब्राझील आणि चीनच्या बाजूने वकिली केलेली, पुन्हा खास सवलत. आणि गंमत म्हणजे हेच लायटहायझर पुढे चीनवरच्या आयातशुल्काचे खंदे शिल्पकार ठरले. म्हणजे जुना क्लायंट म्हणजे आयुष्यभराची निष्ठा असंही नसतं, हे दुसऱ्या बाजूने सांगायलाच हवं.

राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने घातलेल्या बंद्यांची कथा याहून मजेदार. ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये आपल्या माणसांकडून लिहून घेतलं की सरकार सोडल्यावर परक्या सरकारसाठी आयुष्यभर लॉबिंग करणार नाही. टाळ्या पडल्या. जानेवारी २०२१ मध्ये, जाता जाता, त्यांनीच सगळ्यांना त्यातून मोकळं केलं. हा शोध त्यांचा नव्हे, क्लिंटन यांनीही १९९३ मध्ये घातलेली बंधनं डिसेंबर २००० मध्ये अशीच उठवली होती.

आता पॅम बॉन्डी. बॅलार्ड पार्टनर्स या लॉबिंग फर्ममध्ये असताना त्यांनी कतारसाठी काम केलं, रीतसर फारा नोंदणी करून, फर्मचा करार महिन्याला १ लाख १५ हजार डॉलरचा. काम २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी मानवी तस्करी रोखण्याबद्दलचं होतं, असं त्यांचं म्हणणं. लपवलेलं काही नाही, नियमात शंभर टक्के बसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनेटने ५४ विरुद्ध ४६ मतांनी त्यांना ॲटर्नी जनरल म्हणून मंजुरी दिली, म्हणजे फारा ज्या न्याय खात्याकडे आहे त्याच खात्याच्या त्या प्रमुख झाल्या. ५ फेब्रुवारीला शपथ, आणि त्याच तारखेचा त्यांचा आदेश की फाराखाली फौजदारी खटले यापुढे फक्त हेरगिरीसारख्या प्रकरणांत करायचे. मे महिन्यात कतारने ट्रम्प सरकारला बोईंग विमान देऊ केलं, आणि ते घेणं कायदेशीर ठरवण्यात त्यांच्याच खात्याचा वाटा असल्याच्या बातम्या आल्या.

यात कायदा कुठे मोडला? माझ्या मते कुठेच नाही. माझी तक्रार वेगळी आहे, की ज्या कायद्याच्या रजिस्टरात तुमचं नाव आहे त्याच कायद्याची धार तुम्ही पहिल्याच दिवशी कमी केलीत, तर हेतू कितीही चांगला असो, लोक दोन्ही गोष्टी जोडणारच, आणि तुम्ही त्यांना चूक म्हणू शकत नाही.

म्हणजे सगळा दिखावाच की!

आकडे बघितले तर तसं वाटतं खरं. १९६६ ते २०१५ या पन्नास वर्षांत फाराखाली फौजदारी खटले किती? ७. न्याय खात्याच्याच तपासणी अहवालातला आकडा आहे हा. लोक उशिरा फॉर्म भरायचे, खातं पत्र पाठवायचं, विषय संपला. २०१७ नंतर हवा बदलली. युक्रेनच्या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाकडून २०१२ ते २०१४ मध्ये १ कोटी ७० लाख डॉलरच्या वर मिळाले हे ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या फर्मने २०१७ मध्ये नोंदवलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी गुन्हा कबूल केला. उलट ओबामांचे माजी सल्लागार वकील ग्रेग क्रेग यांच्यावरही याच युक्रेनच्या कामावरून खटला झाला आणि ज्युरीने त्यांना २०१९ मध्ये सोडलं. कोर्टात ‘मुद्दाम’ लपवलं हे सिद्ध करणं सोपं नाही.

कुंपणच शेत खातं याचा नमुना हवा असेल तर सिनेटर बॉब मेनेंडेझ. २०२३ पर्यंत सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, म्हणजे राजदूतांच्या नेमणुका ज्या टेबलावरून जातात ते टेबल तेव्हा यांचं. घरात सोन्याच्या विटा सापडल्या, आणि जुलै २०२४ मध्ये लाचखोरीबरोबरच इजिप्तचे एजंट म्हणून वागल्याबद्दल दोषी ठरले, ११ वर्षांची शिक्षा. आणि यांनीच आधी न्याय खात्याला पत्र लिहिलं होतं, की अमक्या माजी खासदाराने फारा नोंदणी केली नाही, चौकशी करा!

असे कायदे विरोधकांना छळायला वापरले तर?

वापरले जातात. रशियाने २०१२ मध्ये ‘परदेशी एजंट’ कायदा केला आणि म्हणाले, अमेरिकेचंच बघून केलाय. पण तिथे बाहेरून पैसे घेतले की शिक्का बसतो आणि मग त्या संस्थेचं जगणं मुश्कील. फारात नुसते परदेशी पैसे पुरत नाहीत, परक्याच्या सांगण्यावरून काम हवं. कागदावर हा फरक मोठा आहे. पण ‘विनंतीवरून’ हा शब्द इतका सैल आहे की अमेरिकेतल्या संस्थाही त्याला घाबरून असतात, आणि ती भीती मला अगदीच खोटी वाटत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे निवडणुकीच्या शपथपत्रात उमेदवाराचं सोनं, जमीन, गाडी सगळं दिसतं. क्लायंटांची यादी दिसत नाही. लॉबिंगचा कायदा नाही, २०१३ मध्ये कालिकेश सिंग देव या खासदारांनी खाजगी विधेयक आणलं होतं, ते तसंच राहिलं. संस्थांच्या परदेशी देणग्यांसाठी एफसीआरए आहे, पण तो पैशाचा कायदा, मंत्रालयात कोण कोणाच्या वतीने भेटलं ते त्यात येत नाही.

म्हणून आपल्याला आपल्या देशातल्या गोष्टी तिकडून कळतात. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातल्या परदेशी गुंतवणुकीवरून संसद बंद पडत होती, तेव्हा वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचं बाहेर आलं, विषयांच्या यादीत भारतातला बाजार. कुठून कळलं? अमेरिकन सिनेटकडे भरलेल्या त्याच मिळमिळीत फॉर्ममधून. इकडे निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची चौकशी नेमली, ठोस हाती काही लागलं नाही.

आणि त्याच्याही आधी आपलं दाभोळ. गुहागर तालुक्यात एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीज प्रकल्प, १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत त्यावरून रान पेटलेलं, आणि एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकन संसदेच्या उपसमितीसमोर सांगितलं की भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्पाच्या एकूण तयारीवर कंपनीचे २ कोटी डॉलर खर्च झाले. लाच नव्हे, असं कंपनी सांगत राहिली. त्या दोन कोटींपैकी महाराष्ट्रात कोणाकोणाच्या टेबलासमोर बसून कोणी काय शिकवलं याचा फॉर्म इकडे कोणी भरला नाही, कारण असा फॉर्मच नव्हता. अजूनही नाही.